सांजबेटाची राणी

“पाकिटाला तोंडभर डिंक लावा हं,” पातळ कागदात गुंडाळलेली नोट पुढे करत ती म्हणाली. “आणि स्वस्तात सोडू नका. स्वस्त म्हटलं की त्यांना संशय येतो.”

“वहिनी, पैसा तुमच्याच घरातला, फिरून तुमच्याच घरात! मी आपला मधला हमाल,” जुन्या नाण्यांचा दुकानदार हसला. सगळे त्याला चिल्लरशेठच म्हणत.

तिच्या नवऱ्याला छंद होता तो कुठेच नसलेल्या देशांच्या नोटांचा. कुणी गंमत म्हणून छापलेल्या. त्यांवर बाजारात सुईसुद्धा मिळायची नाही. छापखान्यात मुद्रितं तपासण्याची नोकरी संपली, शेठकडच्या नव्या नोटाही संपल्या, आणि माणूस भिंतीकडे तोंड करून बसला. तेव्हा तिनं गुपचूप कुंचला हाती घेतला. सांजबेट नावाचा देश वसवला, देशाला राणी दिली, राणीच्या खांद्यावर पाखरू.

माणूस बोलू लागला. शेठनं आणलेली प्रत्येक नोट तो हुंगायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा, भिंग लावायचा. “आधी तू सांग, कशी वाटते?” ती सांगायची, मग तो दाद द्यायचा. वर्तमानपत्र मात्र तिलाच वाचायला लावायचा. “जन्मभर अक्षरंच निवडली गं, आता तू निवड.” जिना उतरताना तिचा हात धरायचा. म्हातारपणी प्रेम उतू चाललंय, असं शेजारीण चिडवायची.

संध्याकाळी शेठ पाकीट देऊन गेला. स्वयंपाकघरात तिनं पिठाचा जड डबा उचलला. खाली पातळ कागदाची पुडी दबून होती. पुढच्या नोटेसाठी कापलेला कोरा कागद असेल म्हणून उलगडली. आत राणी होती. पाखरासकट.

म्हणजे कोरा कागद पाकिटात गेला!

आता सगळं उघडं पडणार. सांजबेट बुडणार, माणूस पुन्हा भिंतीकडे वळणार. पिठाच्या हातांनीच ती बाहेर धावली.

पाकीट फोडून तो खिडकीशी बसला होता. हातात कागद, दोन्ही अंगांनी दुधासारखा पांढरा. त्यावर भिंग. ती दारातच थिजली.

“आलीस? थांब, आज आधी मी सांगतो.” त्यानं कागद उजेडाकडे धरला, मान डोलावली. “आज राणी हसतेय गं.”