चंदेरी कागद

पिनबॉलचं, म्हणजे लुकलुकत्या दिव्यांच्या गोळी-खेळाचं, जुनं मशीन अर्धं जळून दुरुस्तीच्या दुकानात आलं होतं. घर थोडक्यात वाचलं, हे मालक तिसऱ्यांदा सांगत होता. मिस्त्रींनी मागची फळी काढली, काजळी पुसली आणि फ्यूज बाहेर ओढला. फ्यूज केव्हाच उडालेला होता, पण त्याच्यावर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घट्ट गुंडाळला होता. म्हणूनच वायरी वितळल्या तरी वीज तुटली नव्हती.

"कुठल्या गाढवाचं काम हे?" मालक म्हणाला.

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. कागदाला दोन घड्या आणि टोकाला पीळ, ही त्यांचीच पद्धत. दोष सापडत नव्हता, फ्यूज सारखा उडत होता, म्हणून काही वर्षांपूर्वी त्यांनी दोन मशीनांना हेच केलं होतं. उद्या नीट बघू म्हणाले, ते राहूनच गेलं.

दुसरं मशीन लेकीच्या घरी होतं.

त्यांनी लगेच लेकीला फोन लावला. "ते मशीन... चालू नाही ना गं?"

"चालूच आहे की बाबा. त्याचे दिवे बघत बघतच बाळ आत्ता झोपलं." लेक कौतुकाने हसली. "तुमच्या हाताला खरंच गुण आहे हं. इतक्या वर्षांत एकदासुद्धा फ्यूज उडाला नाही."