नव्वद टक्के

रक्ततपासणी केंद्रातल्या संगणकवाल्या बाईंनी संगणकाला एक कमांड टाइप करून दिली. रिपोर्ट काढणारं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातलाच आभासी संगणक, किती राबतंय, ते दर दोन सेकंदांनी दिसावं म्हणून त्या कमांडपुढे एक पर्यायही जोडला. तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी पडद्यावरचा आकडा वाचला.

"फक्त चार टक्के? म्हणजे शहाण्णव टक्के आळस!"

"साहेब, रिपोर्ट मिनिटभरात निघतात की."

"मला नव्वद दिसले पाहिजेत. नाहीतर तुमची तरी काय गरज?"

नोकरीपायी बाईंनी मन मारून दिवसभर उगीचच आकडे गुणत बसणारा एक प्रोग्राम लिहिला. नव्वद दिसताच साहेबांची कळी खुलली. तिकडे मशीन त्या गुणाकारांतच अडकल्यामुळे एकेका रिपोर्टला तास लागू लागला आणि खिडकीपुढची रांग फाटकाबाहेर गेली.

काचेतून ती रांग पाहून साहेब म्हणाले, "बघा बाई, आपण कामाला लागलो की माणसं कशी धावत येतात!"