इथली माशी

कॅडिस माशीची अळी वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती नळीसारखं घर बांधते. कोयना नदीतून आणून चंद्रावरच्या ओढ्यात वाढवलेल्या अळ्या मात्र त्या घराला बाहेरून मोठाले खडेही जोडू लागल्या होत्या. पृथ्वीवरून निरोप आला, "कोयनेचं बियाणं बिघडलंय. ओढा उपसा, नवी अंडी पाठवतो."

ओढ्याची राखण करणारी जुलेखा निरोप घेऊन प्रयोगशाळेत धावली. ती चंद्रावरच जन्मलेली. कुणी गाव विचारलं की आजोबांचं चिपळूण सांगायची, न पाहिलेलं.

कीटकतज्ज्ञ वर्तकबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. "बिघडलंय कसलं! कोयनेच्या नराच्या शेपटाशी एक काटा असतो, इथल्या झाडून सगळ्या नरांना दोन आहेत. कोयनेच्या माद्यांशी यांची जोडीही जमत नाही. ही नवी जात आहे, जुलेखा."

"मग ओढा उपसणार नाहीत ना, बाई?"

"हात तर लावून बघू देत! नव्या जातीचं मूळ ठिकाण जगाला सांगावं लागतं. मी सांगून टाकलंय, चंद्रावरचा ओढा."

दुपारी पृथ्वीवरून नवे डॉक्टर उतरले. जुलेखाशी ओळख होताच त्यांनी सवयीने विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

चिपळूण अगदी ओठांवर आलं होतं.

"हेच," जुलेखा म्हणाली. "चला, आमचा ओढा दाखवते."