चार दिसाची छुट्टी

शनिवारी आम्ही चौघं मित्र मलकापूरहून साताऱ्याला गेलो. तिथल्या एका कॅफेत आमच्या धैर्यशीलचा स्टँडअपचा पहिलाच कार्यक्रम होता आणि शिट्ट्या मारायचं काम माझ्याकडं होतं. त्यात आपला हात कोण धरणार!

पहिल्या पाच मिनिटांतच गड्यानं सगळं पब्लिक खिशात घातलं. मग त्यानं दवाखान्यातला एक म्हातारा उभा केला. फौजेतनं रिटायर झालेला, तापानं भ्रमलेला. नर्सलाच मेजरसाहेब समजून तो सलाईन लावलेल्या हातानं कडक सॅल्यूट ठोकतो आणि म्हणतो, "साब, चार दिसाची छुट्टी द्या. ऊस तोडीला आलाय, पोरगं एकलंच हाय घरी. त्याला सांगा, दम धर म्हणावं, मी निघालोय."

लोक हसून हसून टेबलं बडवायला लागले. शेजारच्या भरतेशनं मला कोपरानं ढोसलं, "आरं, शिट्टी मार की!"

मी दोन बोटं तोंडात घातली, पण फुंकरच निघेना.

&nbsp;

गेल्या वर्षी माझे फौजी वडील गेले तेव्हा मी दवाखान्याच्या खाली औषधं आणायला गेलो होतो आणि त्यांच्याजवळ एकटा धैर्यशील बसला होता. शेवटचं काय बोलले, असं मी त्याला कितीदा तरी विचारलं, दर खेपेला तो म्हणाला, "काय न्हाई रं गड्या, झोपेतच गेले."