पेंढ्यांच्या गंजीखाली

चित्रकाराने बाईंना बसायला सांगितलं आणि मग खोलीत खुर्ची नाही हे त्याच्या ध्यानात आलं. बाई उभ्याच राहिल्या. नवऱ्याला जाऊन महिना झाला होता.

"फोटो काढायचा राहूनच गेला त्यांचा," त्या म्हणाल्या. "कापणी आटपली की काढू म्हणायचे. कापणी कधी आटपते? तुम्ही गेल्या कापणीला तीन दिवस बांधावर बसून आम्हाला रंगवलं होतंत. म्हटलं, तिथं तरी तोंड बघावं."

चित्रकार सुखावला. त्याचं चित्र बघायला आजवर कुणी एवढं चालत आलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं चित्र त्याने फिरवलं. बाईंनी अगदी नाक लावून पाहिलं. नुसते रंगाचे फराटे.

"थोडं लांबून बघा, वहिनी."

त्या मागे सरकत दाराला टेकल्या. तिथून मात्र गहू दिसला, उतरतं ऊन दिसलं, लाल पदराची एक वाकलेली बाई दिसली.

"ही मी. आम्ही वाकलो की बरे दिसतो वाटतं तुम्हाला. आणि हे कुठायत?"

चित्रकाराने घसा खाकरला. "इथं, उजवीकडे होते. पण ती बाजू जरा हलकी पडत होती. काहीतरी मोठं हवं होतं. मग त्यांच्यावर पेंढ्यांची गंजी आली."

"जिवंतपणीच गाडलंत की हो."

त्याने चित्राची चौकट उगाच सरळ केली.

"खाली आहेत ना पण?"

त्या शेवटच्या दिवशी ऊन भराभर उतरत होतं आणि त्या माणसाच्या वाट्याला ब्रशचा एकच फटकारा आला होता, हे सांगायला हवं होतं. चित्र परवा प्रदर्शनाला जायचंय, हेही.

"आहेत," तो म्हणाला आणि रंग खरवडायची सुरी त्याने आपणहून पुढे केली.

"सुरी नको. लागेल त्यांना."

बाईंनी अंगठ्याचं नख लावलं. शेंग सोलावी तसा पिवळा पापुद्रा निघाला. खाली बोटभर तपकिरी रंग होता.

"हे डोक्याचं फडकं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आता तोंड येईल."

चित्रकार खिडकीबाहेर बघू लागला.

नख जपून खाली सरकत गेलं. तपकिरी रंग संपला. कोरं कापड लागलं.

नखात अडकलेला तपकिरी रंग सांडू नये म्हणून बाईंनी अंगठा मुठीत घेतला आणि दुसऱ्या हाताने दार उघडलं.