जन्माचं वजन

"कळ आली बघ! ओढ, व्हर्लिन, आता ओढ!"

व्हर्लिनने वासरू ओढायच्या जॅकचा दांडा दाबला. वासराच्या पायांना बांधलेल्या साखळ्या ताणल्या आणि काळी कालवड शेणात आडवी पडून हंबरली. आर्डिस तिच्या शेपटीशी गुडघे टेकून बसली होती, कोपरापर्यंत रक्ताने माखलेली. साठी उलटलेली बाई, नवरा गेल्यापासून सगळा कळप एकटीच सांभाळते. ढोरांचा डॉक्टर ऐंशी मैलांवर. म्हणून तिने शेजाऱ्याला बोलावलं होतं, आणि शेजारी म्हणजे बारा मैलांवरचा व्हर्लिनच. तिच्या कालवडींवर सोडलेला वळूही त्याच्याच कळपातला.

वासरू आलं ते मेलेलंच आलं. केवढं ते डोकं, केवढे ते खांदे! कालवड उठायला धडपडली, पण मागचे पाय काही तिला साथ देईनात.

"तिसरं," आर्डिस म्हणाली आणि तिथेच बसून राहिली. "माझंच चुकलं रे. हिवाळाभर चारा टाकत सुटले यांच्यापुढे, पोटातल्या पोटात पोसली गेली वासरं. उगाच तुझ्या वळूचं नाव खराब व्हायचं."

व्हर्लिनने बादली जवळ ओढली. तिच्यात साखळ्या धूत बसला. स्वच्छ झाल्या तरी धूतच होता.

पहिल्या वेताच्या कालवडीला हलक्या वासरांचा वळू लावायचा, हे नेब्रास्कात शेंबड्या पोरालाही कळतं. जन्मताना वळू हलका, तर त्याची वासरंही हलकी. म्हणून तर विक्रीच्या यादीत वळूच्या नावापुढे त्याचं जन्माचं वजन छापतात. आर्डिसने चांगले रुबाबदार वळू सोडून हा निवडला तो त्या एका आकड्यावर. बहात्तर पौंड, म्हणजे चांगलाच हलका.

तो आकडा व्हर्लिनने मनानेच लिहिला होता. तीन वर्षांपूर्वी, मार्चच्या बर्फात. हा वळू तेव्हा नुकतंच जन्मलेलं वासरू; त्याची आई अंगावर धावून येत होती, बोटं गारठून गेलेली. वजन करायला जवळ जातो कोण! वासरू चांगलं दांडगं दिसत होतं. व्हर्लिनने कुंपणापलीकडूनच पाहिलं आणि बहात्तर लिहून मोकळा झाला. थोडं इकडेतिकडे सगळेच करतात, अशी स्वतःची समजूतही घातली.

"चल, सूप गरम आहे, दोन घास खाऊन घे," आर्डिस कंबर धरून उठली. "मग राहिलेल्या सदतीस जणींना पलीकडच्या कुरणात सोडते. इथल्या चिखलात वासरं आजारी पडतील. तिकडे होतील मोकळ्या आपल्या आपण. मलाही झोप मिळेल जरा, चार दिवस डोळ्याला डोळा नाही."

पलीकडचं कुरण तीन मैलांवर. तिथे एखादी अडली तर कुणाला पत्ताही लागणार नाही.

"नको सोडूस," व्हर्लिन म्हणाला.

"का रे?"

"जवळच ठेव सगळ्या. डोळ्यात तेल घालून बघायला लागेल."

"अरे, पण वळू तर हलका..."

"हलका नाही तो, आर्डिस." त्याने हातातली साखळी खाली ठेवली. "मी वजन केलंच नव्हतं त्याचं. अंदाजाने लिहिलं. तेही कमी करून लिहिलं."

आर्डिस त्याच्याकडे बघतच राहिली. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण बाईने नुसते हात पुसले.

"पहिलं मेलं तेव्हा तू इथेच होतास ना?"

"होतो."

"दुसऱ्या वेळी?"

"तेव्हाही होतो."

"आणि मी तुला केक बांधून दिला घरी न्यायला."

व्हर्लिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो केक त्याने खाल्ला होता.

आर्डिस आत गेली आणि स्प्रिंगचा वजनकाटा, वही, पेन्सिल घेऊन आली. काटा तिने गोठ्याच्या तुळईला अडकवला.

"उचल त्याला."

वासरू ओलं होतं, हातातून निसटत होतं. व्हर्लिनने ते छातीशी कवटाळून उचललं, मागच्या पायांना दोरी बांधून काट्याला टांगलं. काटा डुलला आणि थांबला. आर्डिस पेन्सिल धरून उभी होती. काट्याकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"वाच."

"अठ्ठ्याण्णव," तो म्हणाला.

तिने लिहिलं नाही.

"नीट बघून सांग, व्हर्लिन."

त्याने वर पाहिलं. काटा जागचा हलला नव्हता.

"एकशे चार."