आठ दशम्या

दुसऱ्या प्रार्थनेला आमेन म्हणायची वेळ आली आणि अर्ध्या चर्चला खोकला आला.

पहिली प्रार्थना आपल्या जवानांसाठी होती. तिचं आमेन दौंडच्या सगळ्या रेल्वे कॉलनीला ऐकू गेलं असेल. दुसरी पाळकसाहेबांनी समोरच्या देशाच्या जवानांसाठी केली. युद्धाचा नववा दिवस होता. अनसाबाई खोकल्याही नाहीत. मांडीवरची पिशवी घट्ट धरून त्या नुसत्या बसून राहिल्या. त्यांचा मुलगा सम्राट सीमेवर होता. “पुढं जातोय आई,” एवढं बोलून त्याचा फोन बंद झाला, त्यालाही नऊच दिवस झाले होते.

तेवढ्यात हौशीराम दारातून ओरडला, “फौजी गाडी लागलीय!”

हौशीराम रेल्वेत पॉइंट्समन होता. ड्यूटीवरून तो थेट पळत आला होता. “दोन नंबरला. ड्रायव्हर बदलायचाय, वीस मिनिटं हायती. पोरं सकाळधरनं उपाशी हायत म्हणं!”

मागच्या अंगणात प्रीतिभोजनाचा पुलाव नुकताच उतरवला होता. पाळकसाहेबांनी हातातलं पवित्र शास्त्र मिटलं. “पातेलं उचला.”

“आन् आपण काय खायाचं?” मागून कुणीतरी विचारलं.

“आपापल्या घरी जे असेल ते. चला!”

मग एकच धावपळ झाली. दोघांनी पातेलं टेम्पोत चढवलं, बायकांनी पदर खोचले, कागदी डिशच्या थप्प्या निघाल्या. स्नेहल कुरकुंभच्या औषध कंपनीत लॅबमध्ये कामाला होती. तिने धावताधावता डिश मोजल्या: दोनशे दहा. घड्याळ बघितलं: सतरा मिनिटं उरली होती.

प्लॅटफॉर्म घोषणांनी दणाणत होता. तरुण मंडळाचे पोपटराव पेढ्यांचा बॉक्स घेऊन आधीच पोचले होते. ते खिडकीखिडकीत पेढा भरवत सांगत होते, “तिकडचा एकबी माघारी जाऊ देऊ नका!” चर्चच्या बायका त्यांच्या मागोमाग डिश आत सरकवत होत्या. जवान हसत होते, हात बाहेर काढत होते, कुणी दोन-दोन मागत होते. स्नेहल प्रत्येक खिडकीत ओरडत होती, “अभी खा लो! चार घंटे के बाद मत खाना, गर्मी में खराब हो जाएगा!”

“अगं, त्यांना गोळ्यांची भीती न्हाई, तुझ्या पुलावाची घालतीस व्हय?” पोपटराव म्हणाले. सगळे हसले. स्नेहलही हसली.

अनसाबाई मात्र एकाच खिडकीशी थांबल्या होत्या. आतला जवान कोवळा होता, मिशी नुकती फुटलेली. त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेलं गाठोडं काढलं. फौजी गाडी आली की सांगतो, असं हौशीरामने कबूल केल्यापासून त्या रोज पहाटे दुधात भिजवून आठ दशम्या करत होत्या. आदल्या दिवशीच्या स्वतः खात होत्या.

“सम्राट साळवे,” त्या म्हणाल्या. “मेरा लडका. उसको देना. चार दिन खराब नहीं होता.”

जवानाने गाठोडं घेतलं नाही. त्याने सम्राटचं युनिट विचारलं आणि नकारार्थी मान हलवली. “झूठ नहीं बोलूँगा माताजी. वो कहाँ, हम कहाँ. मिलेगा कि नहीं, पता नहीं.”

“मंग कोन मिलेगा?”

जवान हसला. “सामने वाला. वो तो मिलेगा ही.”

मागच्या गर्दीला ते फार आवडलं. शिट्ट्या झाल्या, पुन्हा घोषणा सुरू झाल्या. अनसाबाई त्या आवाजाच्या वर ओरडल्या, “वो कितना बडा होगा?”

जवानाचं हसू जरा थांबलं. “होगा... मेरे जितना.”

इंजिनाने शिटी दिली. सात मिनिटं आधीच. अनसाबाईंनी तिथेच, प्लॅटफॉर्मवर फतकल मारली. गाठोडं सोडलं. चार दशम्या फडक्यात ठेवल्या, चार डोक्यावरच्या रुमालात बांधल्या. त्यांचे हात इतके भराभर चालले की स्नेहलला मोजायलाही वेळ मिळाला नाही. गाडीने हिसका दिला तशा त्या उठून खिडकीबरोबर पळू लागल्या.

“ये तू खा!” फडकं आत गेलं. “और ये उसको!”

“किसको?”

“सामनेवाले को! गिरा हुआ मिला, भूखा मिला, तो उसको!”

पोपटराव बॉक्स हातात धरून जागीच थांबले. “मावशी! तिकडच्याला दशम्या? तुमचा सम्राट तिथं लढतोय, आन् तुम्ही...”

“त्याच्यापायीच!” अनसाबाई पळता पळता म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. “तिकडंबी कुणी माझ्यासारखी गाठोडं घिऊन उभी आसंल, पोपटराव. तिनं माझ्या पोराला घास द्यावा, तर आधी मी नको द्यायला?”

रुमाल अजून त्यांच्याच हातात होता. गाडीचा वेग वाढला. स्नेहलने मागून येऊन त्यांचा दंड धरला, ओढायला नव्हे, तोल सावरायला. खिडकीतून एक हात कोपरापर्यंत बाहेर आला आणि रुमाल घेऊन आत गेला.

शेवटचा डबा वळणाआड गेला. पातेलं रिकामं होतं. पोपटरावांच्या बॉक्सात एक पेढा उरला होता. ते त्याच्याकडेच बघत होते.

अनसाबाई छातीवर हात ठेवून बाकावर बसल्या. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी पाळकसाहेबांकडे बघितलं.

“मघाशी दुसऱ्या प्रार्थनेला माझं आमेन राह्यलं,” त्या म्हणाल्या. “ती परत म्हणा बरं.”